लेसरची कळ सुसह्य करता येते

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या वाढू लागल्यास लेसर उपचार केले जातात. त्यामुळे दृष्टी गंभीररीत्या जाण्याचा धोका निम्म्याहून अधिक घटतो, हे अमेरिकेतील अभ्यासाने १९७६ मध्ये दाखवून दिले. तरीही वेदनेच्या धास्तीने काही रुग्ण उपचार अर्धवट सोडतात आणि दृष्टी गमावण्याचा धोका ओढवून घेतात.

पडद्याला स्वतःला वेदना होत नाही. कळ येते ती त्यामागील थरातल्या मज्जातंतूंमुळे. म्हणून कडेच्या भागात ती अधिक जाणवते. थेंबांनी केवळ बुबुळाचा पृष्ठभाग बधिर होतो. वेदना असह्य झाल्यास डॉक्टरांना त्वरित सांगावे. लेसरची तीव्रता वा झोताचा कालावधी कमी करणे, उपचार अनेक बैठकांत विभागणे किंवा डोळ्याजवळ भुलीचे इंजेक्शन देणे, हे पर्याय उपलब्ध असतात. वेदनाशामक गोळी मात्र विचारूनच घ्यावी. मूत्रपिंड दुबळे असल्यास काही गोळ्या अपायकारक ठरतात.

भंडारा, गडचिरोलीहून नागपुरात येणाऱ्यांनी बैठकांची संख्या आधीच विचारावी. बाहुली विस्फारलेली असल्याने परतताना काळा चष्मा व सोबती हवाच.