‘केसरी’ने नाकारलेली जाहिरात आणि आपला छापखाना

दरवर्षी ३१ जानेवारी जवळ आली की आपल्याकडे एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १९२० साली बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढायचे ठरवले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. गोष्ट खरी आहे. खुद्द बाबासाहेबांनीच ती पुढे ‘बहिष्कृत भारता’त लिहून ठेवली आहे. टिळक तेव्हा हयात होते. स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क म्हणणाऱ्यांच्या पत्रात अस्पृश्यांच्या पत्राला चार ओळींची विकत घेतलेली जागाही मिळाली नाही. सभेत हे सांगितले की टाळ्या पडतात, वक्ता पाणी पितो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो.

माझा आक्षेप या वळण्याला आहे. अपमान आपल्याला तोंडपाठ आहे. त्या अपमानाला बाबासाहेबांनी पुढची पस्तीस वर्षे काय उत्तर दिले, ते मात्र आपण सांगत नाही. आजच्या मीडियाबद्दल, मोबाईलबद्दल आणि त्यामागच्या मालकांबद्दल आपल्याला काही शिकायचे असेल, तर ते त्या उत्तरातच आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. मराठी पत्रकारितेचा इतिहास म्हटले की शाळेत ‘दर्पण’ आणि ‘केसरी’ शिकवतात. ‘केसरी’ सुरू झाला ४ जानेवारी १८८१ रोजी. त्याच्या चार वर्षे आधी, १ जानेवारी १८७७ रोजी, कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधु’ सुरू केला होता. सत्यशोधक चळवळीचे हे पत्र पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालवले. याच लोखंड्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि १८९० साली कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. आज रविवारी निवांत बसून पेपर वाचणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे?

अस्पृश्य समाजातही लेखणी १९२० साली अचानक उगवली नाही. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा गोपाळबाबा वलंगकर ‘दीनबंधु’त लिहीत होते, ‘विटाळ विध्वंसन’ काढत होते. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली ‘सोमवंशीय मित्र’ काढला. नागपूरकडे किसन फागुजी बनसोडे यांनी एकामागून एक पत्रे काढली. एक बंद पडले की दुसरे. बंद पडण्याचे कारण बहुतेक वेळा एकच, पैसा. ज्या समाजाला लिहायला-वाचायलाच बंदी होती, त्या समाजात वर्गणीदार किती आणि जाहिरातदार कोण?

‘मूकनायक’ही याच खडकावर आपटला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली म्हणून पत्र उभे राहिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत होते. त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव गेले. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. ज्या मजल्यावर जन्मलात त्याच मजल्यावर मरायचे. पण १९२० च्या जुलैत ते शिक्षणासाठी लंडनला गेले. पत्राची घडी विस्कटली आणि १९२३ मध्ये ते बंद पडले.

मग ३ एप्रिल १९२७ रोजी ‘बहिष्कृत भारत’ निघाले. महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावून जेमतेम दोन आठवडे झाले होते. महाडमध्ये काय झाले, हे इतर वृत्तपत्रे आपापल्या चष्म्यातून सांगत होती. आपली बाजू आपणच सांगायची, तर आपले पत्र हवे होते. मदतनीस ठेवायला पैसे नसल्याने बाबासाहेबांनी अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढले. दोन वेळा परदेशी शिकून आलेला हा बॅरिस्टर प्रॅक्टिस सांभाळून रात्री मजकूर भरत बसायचा. तरीही समाजाने वर्गणी वेळेवर भरली नाही. बाबासाहेबांना आपल्याच वाचकांना जाब विचारावा लागला, की या पत्राचे तुमच्यावर काही ऋण आहे की नाही? नोव्हेंबर १९२९ मध्ये तेही थांबले.

पुढचे पत्र मात्र टिकले. २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झालेली ‘जनता’ पंचवीस वर्षे चालली आणि ४ फेब्रुवारी १९५६ पासून ‘प्रबुद्ध भारत’ झाली. ‘जनता’ का टिकली? लेखणी तीच, मालक तेच, समाजही तोच गरीब. फरक पडला होता तो पायाभरणीत. एकीकडे खेड्यापाड्यात पसरलेली संघटना होती, जी अंक पोचवत होती आणि वर्गणी गोळा करत होती. दुसरीकडे स्वतःचा छापखाना होता, भारतभूषण प्रिंटिंग प्रेस.

स्वतःचा छापखाना असणे म्हणजे काय, याचे सगळ्यात मोठे उदाहरण १९३६ चे आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषण मुंबईत छापू नका, लाहोरला आमच्याकडे छापू द्या, असा मंडळाचा आग्रह होता. मग काही भाग गाळा, अशी मागणी आली. एक स्वल्पविरामही बदलणार नाही, असे बाबासाहेबांनी कळवले. मंडळाने परिषदच रद्द केली. पण भाषण तोवर भारतभूषण छापखान्यात छापून तयार होते! न झालेले ते भाषण पुस्तक म्हणून बाहेर पडले आणि त्याच्या पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. आज जगभर अभ्यासले जाणारे ‘जातिनिर्मूलन’ ते हेच. छपाई लाहोरकरांच्या हाती असती तर त्या भाषणाचे काय झाले असते, याची कल्पना करा. मंच त्यांचा होता, म्हणून त्यांनी तो काढून घेतला. छापखाना आपला होता, म्हणून विचार वाचला.

यातून निघणारा सिद्धांत साधा आहे. बोलण्याचे स्वातंत्र्य संविधानाने दिले, पण बोललेले लोकांपर्यंत नेणारे साधन ज्याच्या मालकीचे, त्या स्वातंत्र्याची किल्ली त्याच्या खिशात असते. बाबासाहेबांना हे स्पष्ट दिसत होते. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवरील भाषणात त्यांनी भारतीय वृत्तपत्रांची तुलना साबणाच्या कारखान्याशी केली. एकेकाळी पेशा असलेली पत्रकारिता आता निव्वळ धंदा झाली आहे, हे त्यांनी टीव्ही येण्याच्या कितीतरी आधी सांगितले.

त्यानंतर काय बदलले? नोव्हेंबर १९९६ मध्ये बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकाराने ‘पायोनियर’मध्ये लिहिले, की एका परदेशी वार्ताहराने विचारले म्हणून मी दिल्लीत दलित पत्रकार शोधायला निघालो, आणि मला एकही सापडला नाही. २००६ साली अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमधल्या ३१५ वरिष्ठ पदांची पाहणी केली. त्यात अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. २०१९ च्या ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीच्या अहवालात न्यूजरूममधील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदे उच्चजातीयांकडे होती. अनुसूचित जाती-जमातींकडे शून्य. मेरिटचे पोवाडे गाणाऱ्यांनी या शून्याचे समाजशास्त्र कधीतरी समजावून सांगावे.

या शून्याची किंमत आपण मोजलेली आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. अनेक वृत्तपत्रांनी सुरुवातीला ती गावकीतल्या अनैतिक संबंधांच्या रागातून घडली असे रंगवले. जात शब्द यायला आठवडे गेले. सत्यशोधन समित्यांचे अहवाल, पत्रके, एसएमएस, ईमेल आणि शेवटी रस्त्यावर उतरलेली माणसे, यांनी ती बातमी ‘बातमी’ केली. न्यूजरूममध्ये आपले कोणी नसेल तर आपला मृतदेहसुद्धा बदनाम होतो.

आता २०१६ या वर्षाकडे बघा. त्या वर्षी दोन घटना घडल्या. २५ जूनच्या पहाटे दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बाबासाहेबांचा बुद्धभूषण छापखाना जमीनदोस्त करण्यात आला. कोणी आणि का, तो वाद इथे बाजूला ठेवू. समाज लाखोंनी रस्त्यावर उतरला, हे आपण पाहिले आहे. ५ सप्टेंबरला जिओ आले आणि स्वस्त डेटा घरोघरी पोचला. वस्तीतल्या पोराच्या हातात कॅमेरा, छापखाना आणि पोस्ट ऑफिस एकाच वेळी आले. आपल्याला वाटले, आता ‘केसरी’ची गरजच काय?

काही अंशी ते खरेही झाले. २००२ पासून चित्रकूटच्या ग्रामीण, बव्हंशी दलित स्त्रिया चालवत असलेल्या ‘खबर लहरिया’ला मोबाईलने नवे बळ दिले. मीना कोटवाल यांनी ‘द मूकनायक’ हे नावच पुन्हा जिवंत केले. अत्याचाराची बातमी दाबणे आज २००६ इतके सोपे उरलेले नाही.

पण मालकीचा प्रश्न विचारला की चित्र पालटते. नेटवर्क १८ हा समूह २०१४ मध्ये रिलायन्सकडे गेला, एनडीटीव्ही २०२२ च्या डिसेंबरात अदानींकडे. डेटा देणारी कंपनी एका उद्योगपतीची, आणि त्या डेटावर आपण जिथे लिहितो ते ॲप अमेरिकेतल्या दुसऱ्याचे. आपण लिहितो, नाचतो, भांडतो, १४ एप्रिलचे व्हिडिओ टाकतो. जाहिरातीचे पैसे त्यांना, लाइक आपल्याला.

मी ज्या वस्तीत काम करते, तिथल्या अभ्यासिकेच्या मुलांनी शिष्यवृत्तीच्या माहितीचे एक पेज चालवले होते. हजारो विद्यार्थी त्यावर फॉर्मच्या तारखा बघत. एका सकाळी ते बंद झाले. नियमभंग झाला, एवढाच संदेश आला. कोणता नियम, कोणी तक्रार केली, दाद कुठे मागायची, काही कळले नाही. मुलांनी पाठवलेल्या प्रत्येक अर्जाला यंत्राने तेच उत्तर दिले. ‘केसरी’च्या कचेरीत निदान नकार देणारा माणूस तरी होता.

म्हणून कोणी मोबाईल फेकून द्या असे मी म्हणत नाही. बाबासाहेबही इंग्रजी वर्तमानपत्रांत पत्रे लिहीत, मुलाखती देत. दुसऱ्याचे साधन वापरायचे आणि आपले साधन बांधायचे, ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी केली. आपण पहिले करतो, दुसरे विसरलो.

दुसरे काम म्हणजे काय, तर आपल्या वेबसाइट, आपली नियतकालिके, आपल्या वाचकांचे पत्ते आणि फोन नंबर आपल्याच वहीत. आपल्या साहित्याच्या प्रती दोन-तीन ठिकाणी जपलेल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचे, वर्गणी. जयंतीला एका रात्रीच्या डीजेवर एक मंडळ जेवढा खर्च करते, तेवढ्यात एखाद्या तरुण वार्ताहराला काही महिने मानधन देता येईल. नोकरीत स्थिरावलेला आपला वर्ग आज इतका मोठा आहे, की दरमहा शंभर रुपये दिले तरी चार जिल्ह्यांत चार वार्ताहर उभे राहतील. ‘बहिष्कृत भारता’च्या वाचकाकडे खरोखर पैसा नव्हता. आपली सबब काय?

३१ जानेवारीला ‘केसरी’ची गोष्ट जरूर सांगा. पण ती सांगणाऱ्या वक्त्याला एक प्रश्न विचारा: तुम्ही सध्या कोणत्या आंबेडकरी पत्राचे वर्गणीदार आहात? आणि तो उत्तर देईपर्यंत आपलीही पावती खिशात तयार ठेवा.

जयभीम!