भारतातील उपग्रह संचार परवाने आणि राष्ट्रीय सुरक्षा

उपग्रहामार्फत दूरध्वनी किंवा इंटरनेट सेवा पुरवण्यासाठी भारतात केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणावरून या परवान्यावर कडक अटी घातलेल्या आहेत.

कायदेशीर आधार

भारतीय तार अधिनियम, १८८५ नुसार तारयंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारकडे होता. भारतीय बिनतारी तारयंत्र अधिनियम, १९३३ नुसार परवान्याविना बिनतारी उपकरण बाळगणेही गुन्हा ठरले. या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये दूरसंचार अधिनियम संमत केला.

निर्बंधांचे कारण

साध्या भ्रमणध्वनीचा संदेश देशातील मनोरे व केंद्रांतून जातो. त्यामुळे सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशानुसार तो तपासता येतो. उपग्रह दूरध्वनीचा संदेश मात्र उपग्रहावरून थेट परदेशातील भूकेंद्रात, म्हणजे 'गेटवे'त, उतरू शकतो. अशा वेळी भारतीय यंत्रणांना तो तपासण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून गेटवे भारतीय भूमीवर असणे ही परवान्याची मध्यवर्ती अट आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यात दहशतवाद्यांनी वापरलेल्या 'कुबेर' या मासेमारी नौकेवर उपग्रह दूरध्वनी सापडला. त्यानंतर नौवहन महासंचालनालयाने भारतीय जलक्षेत्रातील जहाजांवर थुराया व इरिडियम दूरध्वनींच्या वापरास मनाई केली. परवानगी घेऊन इनमारसॅट सेवा वापरता येते. २०१७ मध्ये भारत संचार निगमने देशातील गेटवेवरून ती सुरू केली.

इंटरनेट सेवा व नव्या अटी

नोव्हेंबर २०२१ मध्ये दूरसंचार विभागाने स्टारलिंककडे परवाना नसल्याचे सांगून नागरिकांना तिची आगाऊ नोंदणी न करण्याचे आवाहन केले. कंपनीने नंतर नोंदणीची रक्कम परत केली. त्याच वर्षी वनवेबला परवाना मिळाला. स्टारलिंकला तो जून २०२५ मध्ये मिळाला.

त्याआधी मे २०२५ मध्ये सुरक्षाविषयक अटी अधिक कठोर करण्यात आल्या. वापरकर्त्यांची माहिती देशात ठेवणे, कायदेशीर तपासणीची सोय करणे, भूसीमेलगतच्या ५० किलोमीटर पट्ट्यात विशेष देखरेख ठेवणे आणि नाविक या भारतीय दिशादर्शन प्रणालीचा टप्प्याटप्प्याने स्वीकार करणे या त्यांतील प्रमुख अटी होत.

महाराष्ट्रातील स्थिती

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंकशी इरादापत्र केले. गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव व वाशिम या जिल्ह्यांतील दुर्गम भागांत सेवा पोहोचवणे हा त्याचा हेतू आहे. यांपैकी वाशिम जिल्हा १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचा भाग होता. परवाना व सुरक्षा मंजुरी हा केंद्राचा विषय असल्याने ही योजना केंद्रीय मंजुऱ्यांच्या अधीन आहे.

नागरी हक्कांचा प्रश्न

संदेश तपासण्याचा अधिकार अमर्याद नाही. दूरध्वनी टॅपिंगसंबंधी १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धतीची बंधने घातली, तर २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. गेटवे देशात आल्याने परकीय हेरगिरीचा धोका घटतो; परंतु त्याच गेटवेमुळे देशांतर्गत पाळतही शक्य होते. म्हणून परवान्याच्या अटींइतकेच त्या अटींवरील देखरेखीलाही महत्त्व आहे.