चोवीस अंशांवरचा आठवडा
प्रयोगशाळेत तंत्रज्ञ असताना मी रॅटच्या स्वादुपिंडातून आयलेट, म्हणजे इन्सुलिन बनवणारे पेशीपुंज, वेचत असे. डायथिझोन घातलं की ते तांबडे दिसतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काचनळीनं एकेक उचलायचा. मान अवघडून जायची. म्हणूनच सेंट लुईसच्या पॉल लेसींबद्दल मला मनापासून आदर आहे. कोलॅजिनेजनं ऊतक विरघळवून अखंड आयलेट सोडवण्याची रीत त्यांनी 1967 मध्ये बसवली. 1972 मध्ये वॉल्टर बॅलिंजर यांच्यासह त्यांनी ते मधुमेही रॅटमध्ये घातले आणि रक्तातली साखर उतरली.

पण दाता परक्या वंशाचा असला, की शरीर ते आयलेट नष्ट करून टाकी. घेणाऱ्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दडपायची, हा रूढ उपाय. लेसींनी दात्याकडे लक्ष वळवलं. आयलेटसोबत दात्याच्या पांढऱ्या पेशीही येतात. भांडण त्याच पेटवत असतील तर? कॅनबेरात केविन लॅफर्टींनी 1975 मध्ये माइसची थायरॉइड ग्रंथी आधी काही काळ शरीराबाहेर वाढवून, मग रोपून दाखवली होती. ती कमी नाकारली जाई.

दात्याच्या त्या पांढऱ्या पेशी मरून जाव्यात म्हणून लेसींनी आयलेट नेहमीच्या 37 ऐवजी 24 अंश सेल्सिअसवर सात दिवस ठेवले. रोपणापूर्वी रॅटला लिम्फोसाइटविरोधी सीरमचं एकच इंजेक्शन दिलं. 1979 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: परक्या वंशाचे आयलेट 100 दिवसांहून जास्त टिकले, रोजच्या औषधाविना!

त्यापुढचा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. रोपण नीट रुजल्यावर त्यांनी त्याच रॅटच्या शिरेत दात्याच्या मॅक्रोफेज आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी सोडल्या. आयलेट लगेच नाकारले गेले. म्हणजे रॅटची प्रतिकारशक्ती शाबूत होती, फक्त तिला कुणी चेतवलं नव्हतं. इतक्या कष्टानं जगवलेलं रोपण पुराव्यासाठी पणाला लावायला धैर्य लागतं.

माणसांत मात्र हे इतक्या सहज उतरलं नाही. त्या रॅटना मधुमेह रसायन टोचून आणलेला. माझ्या भाचीच्या टाइप 1 मधुमेहात शरीर इन्सुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच बीटा पेशी मारतं, आणि रोपलेल्या पेशींवरही तोच हल्ला होऊ शकतो. 2000 साली एडमंटनमध्ये जेम्स शपिरो यांच्या गटानं आयलेट रोपून सात रुग्णांची इन्सुलिनची इंजेक्शनं थांबवली, पण नाकारणं रोखणारी औषधं त्यांना रोज घ्यावी लागत होती.