सातवी तार आणि माझं बजेट

तर झालं असं की, गेल्या महिन्यात मी सात तारांची इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालो. बजेट तीस हजार, घरची मंजुरी पंचवीसची :) आणि ती मंजुरीही सहज मिळाली नव्हती, कारण पहिली खरेदी साफ फसली होती. तीन वर्षांपूर्वी एका दुकानातून तरंगत्या ब्रिजची स्वस्त सात-तारी उचलली. एक तार सुरात आणली की बाकीच्या सहा बेसूर! शेवटी ती कपाटावर गेली. या वेळी म्हटलं, पैसे घालवण्याआधी हे प्रकरण आलं कुठून ते तरी बघू.

मला वाटायचं हा मेटलवाल्यांचा उद्योग. पण १९३०च्या दशकाच्या अखेरीस जॉर्ज व्हॅन एप्स या अमेरिकन जॅझवादकाने एपिफोनकडून सात तारांची गिटार बनवून घेतली होती. जास्तीची जाड तार 'ए' स्वरात, ५५ हर्ट्झवर. म्हणजे सुरावट आणि बास दोन्ही एकट्यानेच वाजवायचं. (रशियात एकोणिसाव्या शतकातही सात तारांची गिटार होती, पण तिची जुळणी आणि घराणंच वेगळं. असो.)

मग १९९० मध्ये स्टीव्ह वायसाठी आयबानेझने 'युनिव्हर्स' काढली. सातवी तार 'बी', सुमारे ६२ हर्ट्झ, आणि ब्रिज तरंगता. म्हणजे तारांचा ताण एका बाजूला, मागच्या स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला, असा तराजू. वायला वेड्यावाकड्या मिंडा घ्यायला तो हवाच होता. त्या दर्जाचं लोखंड महाग पडतं, आणि स्वस्त गिटारीत नेमकी तिथेच काटकसर होते. माझं दुखणं हेच होतं!

खरी गंमत पुढे आहे. कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्डच्या कॉर्न बँडने १९९४च्या पहिल्या अल्बमवर सात-तारी वापरली, तीही पूर्ण एक स्वर उतरवून. सातवी तार आली 'ए'वर. व्हॅन एप्सचाच ५५ हर्ट्झ! फक्त यांना सोलो नको होते, नुसता दणका हवा होता. त्या आवाजाच्या मागे पोरं लागली आणि पोरांच्या खिशाला परवडतील अशी मॉडेल्स बाजारात आली. आयबानेझची स्थिर ब्रिजची आरजी ७३२१ त्यातलीच.

हे वाचल्यावर माझी यादी झटकन आखडली. तरंगता ब्रिज बाद. दुसरं म्हणजे लांबी. नेहमीच्या २५.५ इंचांवर खालची तार ढिली पडते, मग जाड तार लावा. तीच तार, तोच स्वर, पण लांबी २७ इंच असेल तर ताण साधारण १२ टक्क्यांनी वाढतो. (गणित सोपं आहे, ताण लांबीच्या वर्गात जातो.) पिकअप काय, नंतरही बदलता येतात.

शेवटी २७ इंची, स्थिर ब्रिजची, सेकंडहँड मिळाली, बावीस हजारांत. उरलेले तीन हजार पिकअपसाठी बाजूला काढलेत, ते मात्र अजून घरी सांगितलेलं नाही...