मानेतली रक्तवाहिनी आणि मिलिमीटरचा हिशोब



डॉक्टरांकडे गेल्यावर तुम्हालाही कधी विचारलं असेल, 'मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करायची का? पैसे मात्र तुम्हाला भरावे लागतील.' या तपासणीवर किती विसंबायचं? उत्तराची बरीचशी गोष्ट इथेच, जर्मनीत घडली आहे.

१८५६च्या सुमारास रुडॉल्फ फिरखो यांनी मांडलं, की आजार रक्तवाहिनीच्या भिंतीतच असतो; तिला आतून सूज येते. १९०४ मध्ये लायप्झिगच्या फेलिक्स मार्शां यांनी त्याला नाव दिलं, अथेरोस्क्लेरोसिस. ग्रीक भाषेत 'अथेरे' म्हणजे पेज. भिंतीत पेजेसारखा मऊ गाळ, आणि भिंत मात्र टणक! १९१० मध्ये आडोल्फ विंडाउस यांना रोगट महारोहिणीत निरोगीपेक्षा कितीतरी पट जास्त कोलेस्टेरॉल सापडलं. पण हे सगळं कळायचं माणूस गेल्यावर.

१९८६ मध्ये मिलानच्या पाओलो पिन्योली आणि सहकाऱ्यांनी सोनोग्राफीने भिंतीच्या आतल्या दोन थरांची जाडी मोजण्याची पद्धत मांडली. आता जिवंत माणसाची भिंत मोजता येऊ लागली.

मग फ्रांकफुर्टच्या माथियास लोरेन्झ यांच्या गटाने २००७ मध्ये आठ अभ्यासांतल्या सदतीस हजारांवर लोकांची माहिती एकत्र केली. जाडी ०.१ मिलिमीटर जास्त असेल, तर हार्ट अटॅकचा धोका १० ते १५ टक्के आणि पक्षाघाताचा १३ ते १८ टक्के जास्त दिसला.

पण पुढचं ऐका. लोरेन्झ यांच्याच पुढाकाराने २०१२ मध्ये ३६,९८४ लोकांची माहिती तपासली गेली. दोन मोजण्यांमध्ये जाडी किती वाढली, यावरून पुढचा धोका सांगता येईना. वर्षाची वाढ मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. मोजताना होणारी चूकच त्याहून मोठी! २०१३ मध्ये अमेरिकन हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनीही ही मोजणी सरसकट करू नये असं सांगितलं.

म्हणून मंडळी, आकडा चांगला आला म्हणून बीपीची गोळी सोडू नका. पस्तिशीनंतर दर तीन वर्षांनी क्रांकनकासेच्या खर्चाने बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासता येतं. ते चुकवू नका. आपल्याकडच्या लोकांना हृदयविकार तुलनेने लवकर गाठतो. वडिलांना किंवा काकांना कमी वयात अटॅक आला असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता सांगा. ही माहिती कुठल्याच सोनोग्राफीत दिसत नाही.

काळजी घ्या. भेटूया पुढच्या भागात!