कफील आणि कुटुंब

दोहाच्या दक्षिणेला बिरकत अल अवामेर, म्हणजे गोदामे आणि मालमोटारींचा परिसर. इकडे 'स्पॉन्सर' म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो कफील, नोकरी देणारा मालक. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना हाच शब्द निराळ्या अर्थाने भेटला. १९६५ च्या कायद्यामुळे तिथे नागरिक झालेल्या माणसाला आईवडिलांना, अगदी भावंडांनाही कायमचे बोलावता आले. (भावंडांची रांग वर्षानुवर्षांची, हे खरे!) कतारमध्ये पगार आणि हुद्दा बसला तर बायकोमुले येतात, पण त्यांचा मुक्काम कर्त्याच्या नोकरीला बांधलेला. २०१८ च्या १० क्रमांकाच्या कायद्याने कायम वास्तव्याचे कार्ड आले खरे. मात्र परदेशात जन्मलेल्यास २० वर्षांचे वास्तव्य, अरबीचे ज्ञान हवे. कार्डे एरवी वर्षाला १०० पर्यंतच. तोवर मुले शिकायला पुण्याला गेलेली असतात.