गीता कंपनीत कशी आली

गीतेचं पहिलं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं ते एका व्यापारी कंपनीच्या आश्रयाने. साल १७८५, गाव लंडन. भाषांतरकार चार्ल्स विल्किन्स ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर. गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेलं शिफारसपत्र पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे. असं ज्ञान राज्याच्या उपयोगी पडतं, हे तो त्यात उघड सांगतो. आज मॅनेजमेंटच्या वर्गात जी गीता शिकवतात, तिची वंशावळ लिहायची तर हे पत्र टाळता येणार नाही.

पुढची पिढी मात्र तुरुंगातली. मंडालेला १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढलं. सुटकेनंतरही वह्या काही काळ सरकारच्याच ताब्यात होत्या. ग्रंथ निघाला १९१५ साली. निवृत्तीकडे झुकलेला गीतेचा अर्थ टिळकांनी कामात बुडालेल्या माणसाकडे वळवला. फळाची आसक्ती सोडायची, तर राबायचं कशासाठी? त्यांनी ठासून मांडलेलं उत्तर गीतेतलंच आहे: लोकसंग्रह. समाज नीट चालावा म्हणून.

गांधीजींनी हाच धागा पैशापर्यंत नेला. गीता वाचताना विलायतेत शिकलेला कायदा आठवला आणि विश्वस्त म्हणजे कोण ते नीट उमगलं, असं ते आत्मकथेत सांगतात. अफाट मालमत्ता हाताखाली असूनही तिच्यातला कणही आपला न मानणारा, तो विश्वस्त. ही अपेक्षा धनवंताकडून होती, मालकाकडून होती.

पुढे कोलकात्याच्या आयआयएममध्ये प्रा. एस. के. चक्रवर्ती यांनी गीता आणि उपनिषदं व्यवस्थापनाच्या अभ्यासात आणली. तिथून पुस्तकं, व्याख्यानं, कॉर्पोरेट कार्यशाळा असा विस्तार होत गेला, आणि या विस्तारात एक मोठी गळती झाली. फळाची आशा सोडा हे वाक्य पडद्यावर राहिलं. लोकसंग्रह गळला, विश्वस्त गळला. पगारवाढीची वाट पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला निष्काम कर्म सांगायचं आणि तिमाही नफ्याच्या आकड्यावर नजर लावून बसलेल्यांना त्यातून वगळायचं, हा माझ्या मते गीतेवर आणि कामगारावर, दोघांवरही अन्याय आहे.

तुमच्या ऑफिसात अशी कार्यशाळा झाली तर जरूर बसा, मन लावून ऐका. आणि शेवटी हात वर करून विचारा, की संचालक मंडळासाठी हे सत्र कधी ठेवलं आहे?